समोरच्यांचं पाणी

त्या रविवारी संध्याकाळी मी आणि भास्कर चिखलीत एका शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना पाहायला बसलो होतो. पायाशी बाजाराची पिशवी, तिच्यात मेथीची जुडी, वांगी आणि माझ्या बीपीच्या गोळ्या. सामना शाळकरी पोरांचा, चिखली आणि मलकापूर. चिखलीच्या पोरांना भास्कर शिकवायचा, म्हणजे ती पोरं त्याचीच. सामना सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात हा उठला, सगळं मैदान ओलांडून मलकापूरवाल्यांकडे गेला, त्यांच्या गार पाण्याच्या जारखाली ग्लास धरला आणि वरून धार धरून पाणी प्यायला. त्यांच्या पोरांच्या पाठी थोपटल्या, त्यांच्या मास्तरशी, नारखेडेशी, काहीतरी बोलून हसला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

मी म्हणालो, "आपल्या पोरायजवळ पानी नव्हतं का बे?"

"होतं ना, दाजी."

"मंग त्या नारखेडेचं पानी काऊन पेतं तू? साठीले आला, अजून अक्कल नाही तुले."

"पानीच त आहे, दाजी," भास्कर म्हणाला. "पान्यात काय राह्यते?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलं. सोमवारपासून ऐकायचं बंद झालं.

भास्कर माझा साळा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शाळेचे सर म्हणाले, "काका, भास्करकाकांवर लिहून द्या, आमच्या अंकात छापतो. चांगलं लिहा." मी सातवी शिकलेला माणूस. चांगलं कसं लिहितात ते मला येत नाही. जसं होतं तसं लिहितो. छापायचं तर छापा, नाहीतर ठेवून द्या.

माझं लग्न झालं तेव्हा कौसल्येसोबत घरात भांडी आली, एक गाय आली आणि सहा वर्षांचा भास्कर आला. मायबाप नव्हते, त्याला ठेवणार कुठं? आम्हाला पुढं मूलबाळ झालं नाही, म्हणून मूल म्हणा की साळा म्हणा, हाच एक. तो वाढतच राहिला. दहावीत होता तेव्हा चिंचा तोडायला त्याला काठी लागत नव्हती. एसटीत उभा राहिला की मान वाकडी करायचा. मी त्याच्या खाटेची पायथ्याची फळी कापून टाकली, तरी पावलं बाहेरच. चिखलीच्या बाजारात त्याच्या पायाचा जोडा मिळत नव्हता. चांभार मापाचा कागद पाहून म्हणाला, "भाऊ, हे पाय आहे की फावडं?"

शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी त्याला रिंगखाली उभं केलं आणि तिथून आमच्या घराचं वाटोळं झालं. वाटोळं म्हणजे वाईट अर्थानं नाही. पण मी त्याला तलाठी करणार होतो.

आता त्याच्या कामाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी मोठे कारखाने, मिला, बँका आपापल्या टीमा ठेवायच्या. टीमेतले काही खेळाडू कायम नोकरीचे. उरलेले सीझनपुरते. सामने असतील तोवर राहणं, खाणं, हातात थोडंफार काही. सामने संपले की ट्रंक उचला. भास्कर जन्मभर सीझनपुरता राहिला. भिलाई, इंदूर, नागपूर, हैदराबाद, एक हिवाळा लुधियाना. पावसाळ्याआधी मलकापूर स्टेशनवर उतरायचा, तिथून बुलढाण्याची एसटी, मग चिखली, मग आमचं गाव. दारातून वाकून आत आला की कौसल्या म्हणायची, "आला माझा भाऊ." मी म्हणायचो, "आला परत." बोलणं एकच, पण तिचं आणि माझं वेगळं होतं.

त्याचा खेळ कच्चा होता असं कोणी म्हणू नये. खेळ पक्का होता. त्याला नडली ती ही पाण्याची सवय.

आमच्याकडे ज्याच्याशी भांडण त्याच्या घरचं पाणी माणूस पीत नाही. उन्हातून आला, घसा कोरडा पडला, तरी उंबऱ्यावरून मागं फिरेल. आणि पाणी घेतलं तर समजायचं, भांडण मिटलं. कौसल्येनं त्याला लहानपणी सांगून ठेवलं होतं, "कोनाच्या दारात गेला त पयले पानी पेय, मंग बोल." बाईनं शिकवलं ते यानं गाठीला बांधलं. बहिणीला तो बाई म्हणायचा. आता होतं असं की सीझनपुरता खेळाडू यंदा ज्यांच्याकडून खेळतो, पुढच्या साली त्यांच्याच विरुद्ध खेळतो. मग सामन्याआधी हा सरळ समोरच्यांच्या बाकड्याकडे जायचा, त्यांच्या माठातलं पाणी प्यायचा, त्यांच्या स्वयंपाक्याची, कोणाच्या आईची, कोणाच्या गुडघ्याची विचारपूस करायचा आणि मग येऊन त्यांनाच हरवायचा. याच्या मनात एवढंच की भांडण नाही, खेळ आहे. पण जिथं आपली रीत माहीत नाही तिथं ते कोणाला कळणार? याचे साहेब लोक पाहायचे आणि म्हणायचे, हा माणूस अजून त्यांचाच आहे. सीझन संपला की, "भास्कर, बघू पुढच्या वर्षी."

मी त्याला किती वेळा सांगितलं, "सामना झाल्यावर पेय ना लेका! तेव्हा हौदभर पेय!"

"झाल्यावर पेलो त काय फायदा, दाजी? हरलेल्या माणसाच्या घरी जाऊन पानी मांगू का?"

असं बोलला की मला राग जास्त यायचा.

लग्नाचंही तसंच झालं. मुलीकडचे यायचे, उंची पाहून आधी घाबरायचे, मग विचारायचे, "नोकरी कायम आहे का?" हा मान खाली घालून म्हणायचा, "सीझनपुरती." एका म्हाताऱ्यानं तर चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "मंग पोरगीही सीझनपुरतीच देऊ का?" भास्कर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसलो नाही. कौसल्या आत जाऊन रडली.

एकदाच कायम व्हायची वेळ आली होती. तेव्हा तो नागपूरकडच्या एका कारखान्याच्या टीमेत होता. जागा एक आणि सीझनपुरते दोघं, हा आणि मलकापूरचा सुरेश नारखेडे. दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. सुरेशची आई मलकापूरहून लोणचं पाठवायची ते दोघांसाठी. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, कप आणला तर दोघांपैकी जो चांगला खेळेल त्याला कायम करू. शेवटचा सामना इंदूरशी होता. इंदूर म्हणजे भास्करची मागच्या सालची टीम.

मी आणि कौसल्या मलकापूरहून गाडीनं नागपूरला गेलो. तिनं ठेचा-भाकरी बांधून घेतली होती. मी आदल्या सांजेला त्याच्या खोलीवर जाऊन त्याला बजावलं, "उद्या पानी पेजो नको. तुले बाईची शपथ आहे." तो बुटाच्या नाड्या ओवत राहिला. मला वाटलं, समजलं याला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायऱ्यांवर बसलो. भास्कर पोशाख घालून आला, आमच्याकडे पाहून हात केला आणि निघाला. मी उठून ओरडलो, "भास्कर!" त्यानं ऐकलं. ऐकलं हे मला माहीत आहे, कारण त्याचा पाय अडखळला. तरी गेला. इंदूरवाल्यांच्या माठातून ग्लास भरून प्यायला. त्याच्या साहेबांचं तोंड मी पाहिलं. मी कौसल्येला म्हणालो, "चाल, आपली गाडी पाहू. इथलं संपलं."

ती म्हणाली, "बसा खाली. माहा भाऊ खेळून राह्यला."

खेळला मात्र. असा खेळ मी परत पाहिला नाही, आणि तेव्हाही मला अर्धा कळला नव्हता. घामानं न्हाला होता. इंदूरच्याच पोरांच्या डोक्यावरून बॉल टाकत होता. शेवटी आपली टीम एका गुणानं मागं राहिली आणि बॉल याच्या हातात. दोघं जण अंगावर चढलेले. सुरेश कोपऱ्यात एकटा उभा, त्याच्याजवळ कोणी नाही. यानं बॉल त्याला दिला. सुरेशनं फेकला. बॉल रिंगच्या कडीवर आपटला, वर उडाला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली.

साहेब धावत आले. मी पायऱ्या उतरून खाली गेलो होतो, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. साहेबांनी सुरेशला विचारलं, "सोपा बॉल होता, कसा चुकला?" सुरेशचं तोंड पांढरं पडलेलं. तो म्हणाला, "यानं मुद्दाम उशिरा देला, साहेब. सामन्याआधी त्याहिचं पानी पेऊन आला हा. तुमीच पाह्यलं."

भास्कर तिथंच उभा होता. त्यानं सुरेशकडे पाहिलं आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकला.

मी म्हणालो, "अबे, बोल ना! तोंड शिवलं का तुहं?"

"तो मोकळा होता, दाजी," भास्कर म्हणाला. "मोकळ्या माणसाले बॉल द्याचा. मले एवढंच शिकवलं आहे."

कप गेला, पण जागा होती ती भरली. सुरेश कायम झाला. भास्कर आमच्यासोबत घरी. अकोल्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही. अकोल्याला उघडलं ते मलकापूरपर्यंत बंद केलं नाही. डब्यातले लोक वळून पाहत होते. हा खिडकीशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि कौसल्या त्याला भाकरीचा एकेक घास देत होती, जसा काही सहा वर्षांचाच आहे.

त्यानंतर आणखी काही साल तो गावोगावच्या टीमांकडून खेळला. मग गुडघा गेला आणि तो कायमचा घरी आला. कायम झाला तो माझ्याच घरी. शेतात इंदूरचा पोशाख घालून निंदण करायचा, हैदराबादच्या पोशाखात रानडुकरं हाकलायचा. लुधियानाचा लाल पोशाख आम्ही सोयाबीनमधल्या बुजगावण्याला घातला. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "हे कोन उभं आहे?" भास्कर सांगायचा, "तो आपल्या इथला कायम खेळाडू आहे. सीझन संपला तरी घरी जात नाही." स्वतःवर असा हसायचा. माझ्या मात्र जिवावर यायचं ते.

पुढं शाळेनं त्याला पोरं शिकवायला बोलावलं. त्या कामाचं काय मिळत होतं ते विचारू नका. चहा मिळत होता आणि शिट्टी त्यांनी दिली होती. जीपच्या टपाला डोकं लागायचं म्हणून ड्रायव्हरशेजारी तिरपा बसून रोज जायचा. पोरांनाही त्यानं तेच शिकवलं. समोरची टीम आली की आधी त्यांचं पाणी प्यायचं, मोकळ्याला बॉल द्यायचा. मी म्हणालो, "एकाचं वाटोळं झालं ते पुरलं नाही का, आता पंधरा-वीस जनायचं करतं?"

पाच वर्षांपूर्वी कौसल्या गेली. शेवटी शेवटी तिला चालता येत नव्हतं. भास्कर तिला जीपमधून उतरवून दोन्ही हातांवर दवाखान्यात न्यायचा, गुडघा दुखत असला तरी. एक दिवस तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "भास्करले आता बोलत नका जाऊ. तो नसला त तुमाले बोलाले कोनी राह्यनार नाही." मी ऐकलं नाही तिचं. दोन म्हातारे पुरुष एका घरात, एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं ऐकावं, नाहीतर त्या घरात भिंतीच राहतात. मी बोलायचो, तो खिचडी करायचा. खिचडी नेहमी बुडाला लागायची. तेही मी बोलायचो.

तर त्या रविवारी. मलकापूरच्या टीमेचा मास्तर म्हणजे तोच सुरेश नारखेडे. कायम नोकरी करून रिटायर झाला, आता तिथल्या पोरांना शिकवतो. त्याच्या जारचं पाणी हा पिऊन आला होता. आपली पोरं हरली. जीपमध्ये मी पूर्ण वाट बोलत होतो. ज्यानं तुझा घास हिसकला त्याच्याशी हसतो, लाज नाही वाटत का. भास्कर मेथीची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होता. घरी आल्यावर त्यानं खिचडी टाकली, आम्ही जेवलो, त्यानं भांडी घासली.

सोमवारी सकाळी मला चहाचा वास आला नाही. जाऊन पाहिलं. खाटेबाहेर नेहमीसारखी दोन पावलं. हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हार्ट थांबलं.

तिरडी बांधणाऱ्यानं बांबू पाहिले आणि मला विचारलं, "काका, हे बांबू पुरत नाही. कसं करू?" मी म्हणालो, "लांब आन. मेल्यावर तरी त्याचे पाय आत राहू दे." दुपारी नेलं. मीच अग्नी दिला. खांदा द्यायला चिखलीची पोरं आली होती, आणि मागून मलकापूरहून गाडी करून सुरेश आला होता. त्याला सरांनी फोन केला असावा. त्यानंही खांदा दिला. तिथं मी काही बोललो नाही, स्मशानात बोलत नाहीत.

घरी आलो तर ओसरीवर सुरेशची बायको बसलेली. पुढ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी, बेसनाचा डबा आणि पाण्याची कॅन. मेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे कडू घास आणतात, तो घरच्यांनी खायचा. भास्करला सासुरवाडी नाही, माझ्या घरात बाई नाही. गल्लीतल्या बाया आपसात बोलतच होत्या की कडू घास कोण देईल. आणि हा सुरेश तो घेऊन आला होता.

मी उभ्यानंच म्हणालो, "तू कोन लागतं त्याचा?"

"कोनीच नाही, दाजी." त्यानंही मला दाजीच म्हटलं.

"मंग उचल हे."

सुरेश खाली बसला. केस सगळे पांढरे झालेले. म्हणाला, "दाजी, बॉल बरोबरच देला होता त्यानं. टायमावर देला होता. माह्याच हातानं चुकला. घरी माय बिमार होती, नोकरी पाह्यजे होती. साहेबासमोर मी खोटं बोललो."

"हे मले माहीत आहे. मी तिथंच होतो. त्याले सांगतलं का कधी?"

"दर साली सांगत होतो. मी सुटीत मलकापूरले आलो की तो माह्या घरी येत जाये. मी सुरू केलं की म्हने, 'राहू दे बे ते. पानी आन पयले.' काल मैदानावरही तेच म्हनला."

दर साली. म्हणजे हा दर साली त्याच्या घरी जात होता, त्यानं तोंडानं कबूल केलेलं ऐकत होता आणि मला एका शब्दानं बोलला नाही. मी इकडे त्याच्यासाठी भांडण सांभाळून ठेवलं होतं. जीपमध्ये, शेतात, ताटावर, रोज. आणि ज्याचं भांडण त्यानं ते केव्हाच पिऊन टाकलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? सुरेशला त्या साहेबांकडे फरफटत नेलं असतं. ते त्याला माहीत होतं, म्हणून सांगितलं नसेल. पण मग मी चाळीस वर्षं कोणासाठी ओरडलो? हे त्याला विचारायचं होतं. विचारायला गेलो असतो तर खाट रिकामी.

सुरेशला मी म्हणालो, "हे त्याले काय सांगतं? साहेबाले सांगाचं होतं."

"हाव," तो म्हणाला. "साहेबाले सांगाचं होतं."

मी घास घेतला नाही. गल्लीतले म्हणाले, "काका, खा, नाही म्हणू नये." मी आत जाऊन कौसल्येच्या फोटोखाली बसलो. ते दोघं गेले. डबा आणि कॅन तिथंच ठेवून गेले.

सकाळी उठलो. चहा नव्हता. ओसरीवर आलो. भाकरी रात्रीतून कडक झाल्या होत्या. मी खाली बसून एक मोडली, बेसनाला लावली आणि खाल्ली. मीठ जास्त होतं. दुसरीही खाल्ली. मग कॅनचं झाकण काढलं, ग्लास भरला आणि तो धरायचा तशी वरून धार धरली. मला जमलं नाही, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. भांडण मिटलं असं मी म्हणत नाही. पण ग्लास संपवला आणि दुसरा भरला.

पाणीच होतं. आपल्या विहिरीच्या पाण्यासारखं. त्यात काही नव्हतं.